भांडुपच्या डोंगरामागचे रान

भांडुप स्थानकाच्या पुलावर उभे राहून मावळतीकडे पाहिले की इमारतींच्या गर्दीवर डोंगराची एक हिरवी रेघ दिसते. कामाला निघालेल्या माणसाची नजर तिकडे क्वचितच जाते. आमचीही जात नव्हती. डोंगराच्या पलीकडे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे, विहार आणि तुळशी हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, हे सारे आम्ही शाळेत शिकलो होतो. परंतु शिकणे वेगळे आणि जाणे वेगळे. २०२४ च्या पावसाळ्याअखेर कारवी फुलल्याची वार्ता आली आणि आम्ही धर्मग्रामातील काही मंडळी एका सकाळी बोरिवलीच्या वाटेने कान्हेरीला गेलो. हा लेख त्या दिवसाचे वर्णन नव्हे. त्या दिवशी मनात उभ्या राहिलेल्या एका प्रश्नाचा हा मागोवा आहे. एखादे रान प्राचीन आहे, असे कशाच्या आधारावर म्हणायचे?

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे. जेथे इ. स. १६०० पासून आजवर सलग रान आहे, त्या भूमीला तेथे प्राचीन वनराई मानतात. त्या काळापूर्वी झाडे लावून वन उभे करण्याची चाल तेथे फारशी नव्हती. म्हणून १६०० साली जे रान होते ते बहुधा त्याहून कितीतरी जुने असणार, असा हा हिशेब. केंब्रिजचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकम (१९३९–२०१५) यांनी अशा वनांचा इतिहास जुन्या दफ्तरांतून आणि झाडांच्या बुंध्यांवरून वाचला. सफोक परगण्यातील ब्रॅडफील्डच्या वनात झाडे बुंध्याशी तोडून फुटवे वाढू देण्याची रीत १२५२ पासून चालत आली आहे. काही वर्षांनी पुन्हा तोड, पुन्हा फुटवा. यातून निघणारा बोध आम्हांला विचार करायला लावणारा वाटला. ती राने टिकली ती माणसाचा हात लागला नाही म्हणून नव्हे; माणसाला त्यांची नित्य गरज होती म्हणून टिकली.

आमच्या रानाला हीच कसोटी लावून पाहू. आमचे दफ्तर कागदाचे नाही, दगडाचे आहे. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास बौद्ध भिक्षू या काळ्या डोंगरात राहू लागले. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर, त्यावरूनच कान्हेरी. सुमारे हजार वर्षांत येथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. त्यांच्या भिंतींवरील लेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील दात्यांची नावे आहेत. कोणी पाण्याची पोढी दिली, कोणी भिक्षूंच्या चीवरांसाठी अक्षय ठेव ठेवली. एका लेखात मंगलठाण, म्हणजे आजच्या मागाठाण्याच्या शेताचा उल्लेख आहे. लेण्यालेण्याशी खडकात खोदलेली टाकी आणि त्यांत पावसाचे पाणी नेणाऱ्या पन्हळी पाहिल्या म्हणजे ध्यानी येते की, या रानाचा पहिला जाणता उपयोग लाकडासाठी नव्हे, पाण्यासाठी झाला. १००९ आणि १०२१ साली येथे आलेल्या पारशी यात्रेकरूंनीही आपली नावे पहलवी लिपीत कोरून ठेवली आहेत.

पुढचे पान आमचे आहे आणि ते वाचताना आम्ही थोडे थांबलो. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टीही पोर्तुगीजांकडे गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो यांनी मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे ख्रिस्तमंदिर केले. कान्हेरीच्या भुयारांविषयी त्या काळी नाना दंतकथा होत्या. त्यांचा शोध घेण्यासाठी हे धर्मगुरू माणसे, शस्त्रे आणि दोर घेऊन सात दिवस आत भटकले आणि शेवट न सापडल्याने परतले, अशी हकिकत इतिहासकार दियोगो दो कौतो याने लिहून ठेवली आहे. साष्टीच्या ख्रिस्ती समाजाचा आरंभ याच काळातला. आमचे पूर्वज याच मातीतले शेतकरी, कोळी, भंडारी. त्यांना नवी श्रद्धा मिळाली ती आम्हांला प्राणप्रिय आहे. तथापि, दुसऱ्याच्या पूजास्थानावर आपला क्रूस उभारला गेला, ही गोष्ट झाकून ठेवण्यात कोणता धर्म आहे? १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली, तेव्हा आमचीही मंदिरे ओस पडली. भिंतीवर वेली चढल्या म्हणजे काय वाटते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून कान्हेरीच्या मौनापुढे आम्ही नम्र असावे हे बरे.

भांडुपचे नाव या इतिहासात आणखी एका कारणाने येते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असता, मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असे सांगतात. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, पहिली गाडी बोरीबंदराहून याच वाटेने ठाण्याला गेली. लोहमार्गाने शहर वाढले आणि वाढलेले शहर तहानले. १८५४ मध्ये मुंबईत पाण्याचे भीषण दुर्भिक्ष पडले. हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये विहारच्या खोऱ्यात बांध घालण्यास प्रारंभ झाला आणि १८६० मध्ये तेथून नळाचे पाणी मुंबईत पोहोचले. त्यापाठोपाठ १८७९ मध्ये तुळशी. आज विहारमध्ये सुमारे २,७७० कोटी आणि तुळशीमध्ये सुमारे ८०५ कोटी लिटर पाणी मावते. शहराच्या आजच्या गरजेपुढे हे थोडेच. पण वैतरणेचे पाणी शुद्ध करणारे मोठे केंद्रही याच डोंगराच्या पायथ्याशी, भांडुपलाच आहे.

तलावाचे पाणी निर्मळ राहावे तर पाणलोटात वस्ती आणि नांगर नको. या एका विचाराने डोंगर राखला गेला. विहार गाव पाण्याखाली गेले, त्याचे नाव तेवढे तलावाला उरले. आणि जेथे कधी शेते होती तेथे साग, ऐन, खैर, पळस पुन्हा वाढले. तेव्हा आमचे रान इंग्लंडच्या व्याख्येत बसेल की नाही, कोण जाणे. काही दऱ्या भिक्षूंच्या काळापासून सलग हिरव्या असतील, काही उतार कालपरवा सावरलेले असतील. पण ब्रॅडफील्डची वनराई सरपणाच्या गरजेने टिकली, तशी ही पाण्याच्या गरजेने टिकली, एवढे निश्चित. मिठी नदी विहारच्या अंगाने वाहते, दहिसर नदी तुळशीच्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीच्या काठी हाहाकार उडाला. डोंगरावर पाऊस झेलणारे हे रान नसते तर काय झाले असते, याचा विचार करवत नाही.

कान्हेरीच्या पायऱ्यांवर काकडीच्या फोडी विकणाऱ्या एका बाईंशी आमचे बोलणे झाले. ‘‘मावशी, राहता कुठे?’’ आमच्यातील एकाने विचारले. ‘‘आतच, पाड्यावर. माझी आजीबी तिथंच व्हती. कागूद तेवढा नाय.’’ एवढे बोलून त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

तो शब्द आमच्या मनातून गेला नाही. कल्याणच्या दात्याचा कागद दगडावर आहे, सफोकच्या वनाचा कागद दफ्तरात आहे. वारली आणि मल्हार कोळी या रानात वाघोबाला पुजत, कारवीच्या कुडाच्या भिंती उभारत पिढ्यान्‌पिढ्या राहिले; त्यांच्याजवळ मात्र आठवण आहे, कागद नाही. १९९५ मध्ये एका पर्यावरणवादी संस्थेने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. रानाच्या दृष्टीने तो आवश्यक होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु पुनर्वसन मिळाले ते १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा दाखवू शकणाऱ्यांना. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा हक्क मान्य केला. तरी पुरावा म्हणजे काय, हा वाद पाड्यापाड्यावर अजून चालू आहे. आमच्या समाजानेही शेते आणि वाड्या कागदाच्या जोरावर राखल्या व कागदाच्या अभावी गमावल्या. हे दुःख आम्हांला परके नाही. मग आमच्या सहानुभूतीची हद्द आमच्याच कुंपणापाशी का संपावी?

आता डोंगराच्या पोटातून गोरेगाव ते मुलुंड असा जोडबोगदा जातो आहे. त्याची लांबी ४.७ किलोमीटर. जुलै २०२४ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले. त्याचे पूर्वेकडील तोंड भांडुपच्या खिंडीपाड्याजवळ आहे. रस्ता आम्हांलाही हवा. तासन्‌तास वाहनांत अडकणारे आम्हीच. रानाच्या पोटातून जाणे हे रान कापून जाण्यापेक्षा बरे, हेही खरे. परंतु ज्या गरजेने हे रान आजवर राखले ती पाण्याची गरज होती. शहराची गरज जमिनीची झाली की तोच डोंगर अडथळा वाटू लागतो. रानाचे भवितव्य शेवटी त्याच्या वयावर नव्हे, आमच्या गरजेच्या जातीवर ठरते.

कान्हेरीच्या उतारावर त्या दिवशी कारवी जांभळी झाली होती. आठ वर्षे ती केवळ पाने धरते; मग एकदाच फुलते, बी टाकते आणि मरते. २००८, २०१६, २०२४ असा तिचा येथील क्रम. पुढचा बहर २०३२ मध्ये. उतरताना आमच्यातील वडीलधाऱ्या बाईंनी वाकून एक पडलेले फूल उचलले, क्षणभर पाहिले आणि पुन्हा मातीवर ठेवले. ‘‘पुढच्या वेळी मी नसेन,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पोरांना घेऊन या.’’

आम्ही येणार आहोत. तोवर त्या पाड्यावरच्या मावशींना त्यांचा कागद मिळालेला असावा, एवढीच इच्छा.