लँकेशायरमधील हातमाग विणकरांचा ऱ्हास : यंत्र की धोरण?

प्रस्तावना :
इंग्लंडमधील औद्योगिक क्रांतीचे विवेचन करताना ‘यंत्र आले आणि कारागीर देशोधडीला लागला’ असे सूत्र सामान्यतः मांडले जाते. लँकेशायरमधील सुती कापड विणणाऱ्या हातमाग विणकरांच्या बाबतीत हे सूत्र कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विणकरांची भरभराट :
यंत्रयुगाने विणकरांचा प्रथम लाभच केला, ही बाब लक्षणीय आहे. हारग्रीव्हजची ‘जेनी’, आर्कराइटची ‘वॉटर फ्रेम’ (१७६९) आणि क्रॉम्प्टनचे ‘म्यूल’ (१७७९) यांमुळे सूत विपुल व स्वस्त झाले. परंतु ते विणण्याचे काम हातमागावरच होत होते. साहजिकच विणकरांना मोठी मागणी निर्माण झाली. १७९५ च्या सुमारास बोल्टन येथील विणकर आठवड्यास ३३ शिलिंग मिळवीत असे. साधे विणकाम अल्पकाळात शिकता येत असल्याने शेतमजूर, आयरिश स्थलांतरित, स्त्रिया व मुले या व्यवसायाकडे वळली. व्यापाऱ्याने घरोघरी सूत द्यावे आणि कापड विणून घ्यावे, अशी पद्धत असल्याने नवा माग सुरू करण्यास व्यापाऱ्याला फारसे भांडवल लागत नसे. व्यवसायातील गर्दीचे मूळ येथेच होते.

मजुरीतील घसरण :
१८१५ मध्ये बोल्टनच्या विणकराची साप्ताहिक मजुरी १४ शिलिंगांवर आली. म्हणजे वीस वर्षांत ती निम्म्याहूनही कमी झाली. कार्टराइटने यंत्रमागाची कल्पना १७८५ मध्येच मांडली असली, तरी १८१३ मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये सुमारे २,४०० यंत्रमागच होते. याउलट हातमाग विणकरांची संख्या वाढतच होती. १८२० च्या सुमारास ती सुमारे २ लक्ष ४० हजार असावी, असा अंदाज आहे. यावरून मजुरीतील पहिली मोठी घसरण यंत्रमागाच्या प्रसारापूर्वीच झाली होती, हे स्पष्ट होते. श्रमिकांची गर्दी, नेपोलियनशी चाललेल्या युद्धामुळे विस्कळीत झालेला व्यापार आणि व्यापाऱ्यांमधील दर पाडण्याची स्पर्धा ही तिची कारणे होत.

शासनाची भूमिका :
विणकरांनी यावर सनदशीर उपाय सुचविला होता. किमान मजुरी ठरवून देणारा कायदा करावा, ही त्यांची मागणी संसदेने १८०८ मध्ये फेटाळली. त्यानंतर मँचेस्टर येथे जमलेल्या विणकरांवर सैनिकांनी केलेल्या गोळीबारात एक विणकर मृत्युमुखी पडला. १७९९ व १८०० च्या कायद्यांनी कामगारांच्या संघटनांवर बंदी आधीच घातली होती व ती १८२४ पर्यंत टिकली. मजुरी ठरविण्याचा न्यायाधीशांचा जुना अधिकारही १८१३ मध्ये रद्द झाला. मुक्त बाजारपेठेचे तत्त्व सांगून हे सर्व करण्यात आले. परंतु त्याच संसदेने १८१५ मध्ये गव्हाचा भाव क्वार्टरला ८० शिलिंगांपर्यंत पोहोचेपर्यंत परदेशी गहू देशांतर्गत विक्रीसाठी आणण्यास मनाई केली. जमीनदाराच्या धान्याला संरक्षण मिळाले. विणकराच्या श्रमाला मात्र मिळाले नाही.

१८२० नंतर सुधारित यंत्रमाग झपाट्याने पसरले. १८३३ पर्यंत त्यांची संख्या सुमारे एक लक्षावर गेली. १८३० च्या आसपास बोल्टनच्या विणकराची मजुरी साडेपाच शिलिंगांपर्यंत उतरली होती. या काळात वस्तूंचे भाव उतरले, हे खरे. तथापि मजुरीतील घट त्याहून कितीतरी अधिक होती. मजुरी निश्चित करणारी मंडळे नेमण्याचे जॉन मॅक्सवेल यांचे विधेयक १८३५ मध्ये नामंजूर झाले. विणकरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८४१ मध्ये अहवाल दिला. त्यात हा व्यवसाय सोडावा, असाच सल्ला विणकरांना होता. १८५० पर्यंत त्यांची संख्या पन्नास हजारांखाली आली.

निष्कर्ष :
यंत्रमागाने हातमागाचा शेवट केला, हे निर्विवाद होय. तथापि विणकर त्यापूर्वीच दुर्बल झाला होता आणि त्यास बाजारपेठेइतकेच राज्यकर्त्यांचे निर्णयही कारणीभूत होते. लँकेशायरच्या कापडाने हिंदी विणकरांची बाजारपेठ हिरावली, हे आपण वर्गात शिकवितो. ते कापड विणणारे अनेक हातही त्याच काळात उपाशी होते, याची जोड त्या अध्यापनास दिली पाहिजे. ऱ्हासाचा संपूर्ण दोष यंत्राच्या माथी मारल्यास, ज्यांनी निर्णय घेतले ते इतिहासाच्या न्यायासनापुढून अलगद निसटतात.