नौबत

मुलुंडची भाची ढोलपथकात ताशा वाजवते. परवा म्हणाली, "मामा, हे आपलं पेशवाईतलं वादन!"

मी लगेच खोडा घातला. फौजेतला नगारा मिरवणुकीसाठी नसे, तो झडला की कूच. सरदाराला जरीपटका आणि नौबत मिळणं हा केवढा मान! १८१८ला पेशवाई बुडाली आणि आमच्या बोलण्यात उरली ती 'उपाशी राहायची नौबत'.

बिचारी हिरमुसली. मग मलाच वाटलं, ताशा म्हणजे गळ्यात अडकवलेला छोटा नगाराच की! पान आता चामड्याऐवजी फायबरचं, एवढंच. आणि ठोके अजूनही तोंडीच शिकतात. ताईने बोलून दाखवायचे, धाकट्यांनी पाठ करायचे.

रविवारी तालमीला बोलावलंय. कानात कापूस घालून जाईन म्हणतो.