चंद्राची गती : कला, ग्रहणे आणि भरती-ओहोटी

चंद्राच्या पृथ्वीभोवतीच्या गतीमुळे चंद्राच्या कला, सूर्य व चंद्रग्रहणे आणि समुद्राची भरती-ओहोटी या तीन घटना घडतात. पृथ्वीवरून पाहताना सूर्य व चंद्र यांच्यात पडणारे कोनीय अंतर सतत बदलत असते आणि या तिन्ही घटनांचा संबंध त्या अंतराशी आहे. पंचांगातील तिथी हे याच अंतराचे माप होय. तिथीवरून चंद्राची कला आणि भरतीची वेळ यांचा अंदाज बांधता येतो. ग्रहणासाठी मात्र चंद्रकक्षेच्या कलाचाही विचार करावा लागतो.

कक्षा आणि मास

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किमी अंतरावर आहे. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने हे अंतर सुमारे ३,६३,००० ते ४,०५,००० किमी यांदरम्यान बदलते. ताऱ्यांच्या संदर्भात चंद्राची एक प्रदक्षिणा सुमारे २७.३२ दिवसांत पूर्ण होते. यास नाक्षत्र मास म्हणतात. या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकते. त्यामुळे एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. हाच चांद्रमास होय.

चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३° पूर्वेकडे सरकतो, तर सूर्य सुमारे १°. दोघांतील अंतर अशा रीतीने रोज सुमारे १२° वाढते. १२° अंतर वाढण्यास लागणारा काळ म्हणजे एक तिथी. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास होतो. याच गतीमुळे चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा होतो.

चंद्रोदयाची वेळ स्थळानुसारही बदलते. जळगाव जिल्ह्यातील धरणगाव मुंबईच्या सुमारे २.४° पूर्वेस आहे. पृथ्वीला १° फिरण्यास ४ मिनिटे लागत असल्याने संकष्टी चतुर्थीचा चंद्र धरणगावात मुंबईपेक्षा साधारणतः १० मिनिटे आधी उगवतो. दिनदर्शिकेत निरनिराळ्या शहरांच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगवेगळ्या दिलेल्या असतात त्या यामुळेच.

चंद्राच्या कला

चंद्र स्वयंप्रकाशी नाही. ग्रहणकाळ वगळता त्याचा अर्धा पृष्ठभाग सूर्याने नेहमी प्रकाशित असतो. त्या प्रकाशित अर्ध्यापैकी पृथ्वीकडे किती भाग वळलेला आहे, यावर कला ठरते. अमावास्येला सूर्य व चंद्र एकाच दिशेला असल्याने चंद्राची अप्रकाशित बाजू पृथ्वीकडे असते. शुक्ल अष्टमीच्या सुमारास ९०° अंतरावर अर्धचंद्र आणि १८०° अंतरावर पूर्णचंद्र दिसतो. पृथ्वीची सावली पडल्याने कला होतात हा समज चुकीचा आहे. त्या सावलीचा संबंध केवळ चंद्रग्रहणाशी आहे.

खानदेशात आखाजी म्हणून साजरी होणारी अक्षय्य तृतीया हे कलेचे सोपे उदाहरण आहे. शुक्ल तृतीयेला सूर्य-चंद्रातील अंतर २४° ते ३६° असते. त्यामुळे चंद्रबिंबाचा सुमारे ४ ते १० टक्के भागच उजळलेला दिसतो आणि सूर्यास्तानंतर काही वेळाने चंद्रही मावळतो. वैशाखात या भागातून पाहताना क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजाशी जवळपास उभे असते. म्हणून त्या कोरीची दोन्ही टोके वर वळलेली, होडीसारखी दिसतात. चंद्रकोरीच्या टोकांच्या या कलण्यास भारतीय ज्योतिषशास्त्रात 'शृंगोन्नती' अशी संज्ञा आहे.

ग्रहणे

चंद्रग्रहण पौर्णिमेला आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. तथापि प्रत्येक पौर्णिमेला वा अमावास्येला ग्रहण होत नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी सुमारे ५° कललेली असल्याने बहुतेक वेळा चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या किंवा सूर्यबिंबाच्या वरून वा खालून निघून जातो. दोन्ही प्रतले ज्या दोन बिंदूंत छेदतात त्यांना पात म्हणतात. परंपरेत हेच राहू आणि केतू. पौर्णिमा किंवा अमावास्या पाताजवळ घडली तरच ग्रहण होते. अशी स्थिती सुमारे १७३ दिवसांनी येते.

चंद्राच्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली चंद्राच्या व्यासाच्या सुमारे अडीचपटीहून अधिक रुंद असते. त्यामुळे चंद्रग्रहण दीर्घकाळ टिकते आणि ज्या भागात चंद्र क्षितिजावर आहे तेथे सर्वत्र एकाच वेळी दिसते. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेचे ग्रहण भारतीय वेळेनुसार रात्री सुमारे ९:५७ ते १:२७ पर्यंत होते. त्यात खग्रास स्थिती ८२ मिनिटे टिकली. सूर्यग्रहणात मात्र चंद्राची गडद सावली पृथ्वीच्या अरुंद पट्ट्यावरूनच सरकते. २२ जुलै २००९ रोजी आषाढ अमावास्येला सूर्योदयानंतर थोड्याच वेळात हा पट्टा सुरत, इंदूर व भोपाळवरून गेला आणि सुरतेत सुमारे ३ मिनिटे खग्रास स्थिती होती. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात ग्रहण खंडग्रास होते.

२२३ चांद्रमासांनी, म्हणजे सुमारे १८ वर्षे ११ दिवस ८ तासांनी, सूर्य, चंद्र व पात जवळपास त्याच स्थितीत येतात. या आवर्तनास सारोस चक्र म्हणतात. वरच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरलेली असल्याने पुढील ग्रहण पश्चिमेकडे सरकते. २००९ च्या ग्रहणाच्या मालिकेतील आधीचे ग्रहण ११ जुलै १९९१ रोजी हवाई व मेक्सिकोतून दिसले. पुढचे २ ऑगस्ट २०२७ रोजी उत्तर आफ्रिकेत खग्रास आहे.

पाटणचा शिलालेख

ग्रहणगणिताच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा पुरावा जळगाव जिल्ह्यातच, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे आहे. भास्कराचार्य (जन्म इ.स. १११४) यांनी इ.स. ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ रचला. त्यात चंद्रग्रहण, सूर्यग्रहण व शृंगोन्नती यांवर स्वतंत्र अधिकार आहेत. अर्धे ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट, तर सूर्याची टोके तीक्ष्ण दिसतात आणि चंद्रग्रहण अधिक काळ टिकते. त्यावरून चंद्राला झाकणारी वस्तू मोठी व सूर्याला झाकणारी लहान असली पाहिजे, असा युक्तिवाद त्यांनी मांडला. चंद्राला पृथ्वीची सावली झाकते आणि सूर्याला चंद्र.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेव याने या मठास श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणप्रसंगी, इ.स. १२०७ मध्ये, दान दिल्याची नोंद तेथील शिलालेखात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात, तर दानाचा तपशील तत्कालीन मराठीत आहे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रकाशात आणला.

भरती-ओहोटी

चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या त्याच्याकडील बाजूवर केंद्रापेक्षा थोडे अधिक आणि विरुद्ध बाजूवर थोडे कमी असते. या फरकामुळे समुद्राच्या पाण्याला दोन्ही बाजूंस फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने किनाऱ्यावर बहुधा सुमारे १२ तास २५ मिनिटांनी भरती येते. सूर्याचा असा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो. अमावास्या व पौर्णिमेला दोघांचा परिणाम एकत्र येऊन मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते परस्परांना छेद देतात आणि येणाऱ्या लहान भरतीस भांगाची भरती म्हणतात.

मुंबई व कोकण किनाऱ्यावर तिथीच्या अंकाची पाऊणपट केल्यास भरतीची स्थूल वेळ मिळते. चतुर्थीला ती ३ वाजता, तर अष्टमीला ६ वाजता येते.

गुरुत्वाकर्षणातील हा फरक अल्प असल्याने गिरणा किंवा हतनूर धरणाच्या जलाशयात भरती जाणवत नाही. त्यासाठी समुद्राइतका विस्तार लागतो. तथापि खानदेशातून वाहणारी तापी सुरतेच्या पुढे खंभातच्या आखाताजवळ अरबी समुद्रास मिळते. निमुळत्या होत गेलेल्या या आखातात भावनगरजवळ उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी सुमारे १० मीटरने चढते-उतरते. तापीच्या मुखातून भरतीचे पाणी सुरत परिसरापर्यंत शिरते. पूर आणि उधाण एकाच वेळी आल्यास नदीचे पाणी समुद्रात लवकर उतरत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेत महापूर आला, तेव्हा ९ ऑगस्टला श्रावण पौर्णिमा होती. तापीच्या पूरनियंत्रणात म्हणूनच पर्जन्यमानासोबत तिथीचाही विचार आवश्यक ठरतो.

भरती-ओहोटीच्या घर्षणामुळे पृथ्वीचे परिवलन अतिशय मंदगतीने कमी होत असून चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंमी दूर जात आहे.