खुडूक कोंबडीचा जुना हट्ट



मागच्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका काकूंच्या घरी गेले होते. कोठ्यात एकाच टोपलीत तीन कोंबड्या खुडूक बसलेल्या, खाली बावीस अंडी. काकू म्हणाल्या, "राहू दे, तिघींची ऊब जास्तच मिळेल." एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली आणि तिघीही त्या पाचांमागे सांदवाडीत निघून गेल्या. उरलेली अंडी गार पडली. फोडून पाहिली तर काहींत पुरं वाढलेलं पिल्लू होतं. पिल्लं मोठी करून विकायची आणि मुलीची फी भरायची, असा काकूंचा हिशोब होता.

कोंबडीवर राग काढण्याआधी तिचा इतिहास ऐका.

आपल्या जंगलात पहाटे आरवतो तो लाल रानकोंबडा हा आपल्या गावरान कोंबडीचा मूळ पूर्वज. रानातली मादी बांबूच्या बेटाखाली, पाचोळ्यात खळगा करते, पाच-सहा अंडी घालते आणि एकटीच लपून बसते. नर उबवायला मदत करत नाही. ही कोंबडी माणसाजवळ आली कशी? थायलंडमध्ये बान नॉन वाट नावाच्या जागी सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची पाळीव कोंबड्यांची हाडं मिळाली आहेत. धान पिकायला लागलं, दाणे साठायला लागले, तशी रानकोंबडी वस्तीकडे ओढली गेली, असं संशोधकांनी २०२२ साली मांडलं. आपला मुलूखही धानाचाच. माडियात तिला कोर म्हणतात, सिरोंच्याकडे तेलुगूत कोडी. नावं वेगळी, पण खळ्यावरचे दाणे टिपणारी कोंबडी सगळीकडे तीच.

रानात तिला लपायला शंभर जागा होत्या. आपण तिला दिला एक अंधारा कोपरा आणि एक टोपली. अंडी दिसली की दुसरी कोंबडीही तिथेच अंडं घालते, कारण अंडी असलेली जागा तिला सुरक्षित वाटते. रोज नवं अंडं पडतं, त्यामुळे काही अंडी आधी आणि काही नंतर फुटतात. शिवाय जागेसाठी ढकलाढकली होऊन अंडी कडेला जातात, गार होतात, फुटतात.

आता इतिहासाचं दुसरं पान. इजिप्तमध्ये दोन हजार वर्षांहून आधीपासून मातीच्या भट्ट्यांत अंडी उबवत. १८७९ साली अमेरिकेत पेटलुमा गावी लायमन बाइस यांनी कामाचं उबवणी यंत्र बनवलं. यंत्र उबवायला लागलं, तशी खुडूक कोंबडी अडचणीची ठरली, कारण खुडूक असताना ती अंडी देत नाही. मग खुडूक न बसणाऱ्या कोंबड्याच निवडत जाऊन जास्त अंड्यांच्या जाती तयार झाल्या. आपल्याकडे वाटपात येणाऱ्या वनराजा, गिरिराज कोंबड्या गावरानपेक्षा जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पुढच्या पिल्लांसाठी पुन्हा कुणाच्या तरी दारात जायचं.

ताईंनो, घरचं बियाणं गेलं की काय होतं, हे धानात आपण पाहिलं आहे. खुडूक बसणारी कोंबडी हे आपलं घरचं बियाणं आहे. सुधारित कोंबड्या जरूर पाळा. त्यांची अंडीही गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. पण दोन-तीन खुडूक कोंबड्या घरात असू द्या.

आणि त्यांना एकत्र बसू देऊ नका. प्रत्येकीला तणस घातलेली वेगळी टोपली द्या, मध्ये आडोसा करा. कोंबडी रात्री हलवा, अंधारात ती कमी बिथरते. एकीखाली दहा-बारा अंडी, सगळी एकाच दिवशी ठेवा आणि त्यांवर कोळशाने खूण करा. बिनखुणेचं अंडं दिसलं की त्याच दिवशी काढा. आठव्या दिवशी रात्री टॉर्च लावून बघा, स्वच्छ दिसणारं अंडं काढून टाका. दोघींना एकाच दिवशी बसवलं, तर पिल्लं निघाल्यावर रात्री सगळी एकीखाली सोडता येतात. दुसरी लवकर अंड्यावर येते. जिला बसवायचंच नाही, तिला खालून वारा लागेल अशा बांबूच्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणा-पाणी मात्र पोटभर द्या. पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे जुने उपाय सोडा.

काकूंनी यंदा तीन टोपल्या केल्या, तिघींना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवलं. सत्तावीस पिल्लं निघाली. मानमोडीची लस देऊन झाली आहे. फीचा हिशोब पुन्हा मांडला आहे.