मुलांना देव कोणत्या भाषेत सांगायचा?

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

धर्मांतराची बातमी आली की आमच्या धंद्यात एक ठरलेला साचा असतो. कुठे, किती जण, कोणी आमिष दाखवलं का, पोलिसांत तक्रार झाली का. बातमी तिथेच संपते. पुढे त्या घराचं काय झालं, तो धर्म त्यांच्या मुलांपर्यंत, नातवंडांपर्यंत कसा गेला, हे कोणी विचारत नाही. मी ख्रिस्ती नाही. पण आमच्या राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यात शाळेत प्रत्येक वर्गात ख्रिस्ती मुलं असायचीच, आणि कामाला मुंबईला गेलो की गिरगाव, दादर, परळ असा फेरा होतो. त्यामुळे हा विषय बरीच वर्षं डोक्यात आहे.

गिरगावात एक 'पोर्तुगीज चर्च' आहे, दादरला दुसरं. दादरच्या चर्चची आजची इमारत चार्ल्स कोरियांची, १९७० च्या दशकातली. पण चर्चची स्थापना १५९६ ची. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या ३४ वर्षं आधीची! गोखले रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

या भागातले जुने ख्रिस्ती म्हणजे ईस्ट इंडियन. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली इथलीच माणसं, कोळी, भंडारी, शेतकरी. 'ईस्ट इंडियन' हे नाव मात्र १८८७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतलेलं. नोकरीसाठी गोव्याहून, मंगळूरहून येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून. नाव इंग्रजी, धर्म पोर्तुगीजांकडून आलेला आणि घरात बोली मराठी.

आता बघा, चर्चमधली मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये. घरातल्या बाईमाणसाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. मग पोरांना देव सांगितला कोणी? आजीने. संध्याकाळी दिवा लागला की जपमाळ. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापुढे प्रार्थना आणि शेवटी उकडलेले चणे. पोरं चण्यासाठी यायची आणि प्रार्थना पाठ करून घरी जायची. आपल्याकडे खिरापतीसाठी भजनाला बसतात तसंच. १८९६ साली प्लेग आला तेव्हा मुंबईच्या वाड्यांत आणखी क्रूस उभे राहिले. त्यातले काही आजही रस्त्याच्या कडेला दिसतात, हार घातलेले.

आणि हे नुसतं तोडकंमोडकं घरगुती मराठी नव्हतं. फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. सुमारे ११ हजार ओव्या, शब्दांवर संतकवींची छाप. एका इंग्रज माणसाने हे केलं, कारण नव्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती आणि ती सवय मोडून चालणार नाही हे त्याला कळलं होतं.

दुसरी गोष्ट गिरगावातलीच, पण २०० वर्षं पुढची आणि वेगळ्या माणसांची. १८२९ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले. गिरगावात आंब्रोळीला त्यांचं मिशन. १८३२ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या शाळेतूनच पुढे विल्सन कॉलेज झालं. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पालकांनी भराभर मुलं काढून घेतल्याने शाळा ओस पडली.

१८४३ मध्ये त्याहून मोठं वादळ आलं. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच्या मागोमाग धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वय साधारण १२. वडील सुप्रीम कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, मुलगा अज्ञान आहे, बापाच्या ताब्यात द्या. माझ्या मते निकाल बरोबरच होता. बारा वर्षांच्या पोराने कोणत्या घरात वाढायचं हे मिशनने ठरवू नये. पण खरा तमाशा पुढे झाला. श्रीपत घरी आला, तर जातीने त्याला आत घ्यायला नकार दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांनाच धारेवर धरलं. जे पोर परत मिळावं म्हणून एवढा आटापिटा केला, ते परत आल्यावर पंक्तीला नको! दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिनाच्या भाषणांत जांभेकरांचं सगळं सांगतात, हे फार कमी वेळा.

मोठा भाऊ नारायण मात्र ख्रिस्ती राहिला, पुढे पाद्री झाला आणि त्याने जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं.

या दुसऱ्या ख्रिस्ती घरांची अडचण माझ्या लक्षात उशिरा आली. या घरांत आजी नव्हती. आजी मागे राहिलेली, दार लावून घेतलेली, कधी नातवाचं सुतक धरून बसलेली. मुलांना झोपवताना म्हणायची अंगाई नाही, सणाला काय करायचं ते माहीत नाही, प्रार्थनेची चाल नाही. सगळं कागदावर नव्याने तयार करावं लागलं. म्हणून या लोकांनी एवढं लिहिलं. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी १८५७ ची. लहान मुलांसाठी 'बालबोधमेवा' मासिक १८७३ पासून. पण गाणी बरीचशी इंग्रजी चालींवर बसवलेली, मराठी तोंडाला न रुळणारी.

इथे नारायण वामन टिळक येतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू नातेवाइकांकडे. नवरा-बायकोची सुमारे ५ वर्षं ताटातूट. पुढे १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो आमच्या राहुरीला. त्यांचं सोवळं मात्र त्याआधीच सुटलं होतं, ते कसं सुटलं हे 'स्मृतिचित्रे'त त्यांनी स्वतः सांगितलंय आणि ते वाचताना हसूही येतं, पोटात कालवतंही.

टिळकांनी भजन, अभंग, कीर्तन ख्रिस्ती घरात आणलं. ज्ञानोबा-तुकोबांना बाहेर ठेवून येशू मराठी माणसाच्या घरात येणार नाही, ही त्यांची भूमिका. मुलाचं नाव देवदत्तच राहिलं. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. त्यांच्या हातून जेमतेम ११ अध्याय झाले आणि १९१९ मध्ये ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने! शेवटचा ७६ वा अध्याय देवदत्तांचा. बाप, आई, मुलगा, असं एकच काव्य तिघांनी मिळून पुरं केलं. लक्ष्मीबाईंना आठवणी लिहायला बसवलं तेही देवदत्तांनीच, आणि नातू अशोक टिळकांनी पुढे 'स्मृतिचित्रे'ची साक्षेपी आवृत्ती काढली. आजी नसलेल्या घराने दोन पिढ्यांत अख्ख्या महाराष्ट्राला आजी दिली.

नगर, जालना भागातले गरीब ख्रिस्ती, बहुतेक महार-मांग समाजातले, मुंबईत गिरणी-रेल्वेच्या कामाला आले. त्यांच्या घरातला पेच वेगळा. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश हिंदूंपुरता होता. त्यात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे कित्येक घरांत रविवारी चर्च आणि शाळेच्या दाखल्यावर हिंदू. आपला धर्म मुलाला शिकवायचा, आणि बाहेर सांगू नको हेही त्यालाच शिकवायचं. यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी तो आदेश वाचावा.

आता आजचं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात, मिस्सा लोकभाषेत करायची मोकळीक मिळाली. वसईने मराठी धरली. तिथूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले, 'सुबोध बायबल'वाले, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. दक्षिण मुंबईच्या चर्चांत मात्र लॅटिनच्या जागी मुख्यतः इंग्रजी आली. गोव्याचे, मंगळूरचे, इथले, सगळ्यांना चालणारी भाषा म्हणून ते समजण्यासारखं आहे. आणि इंग्रजी शाळेचा दोष फक्त त्यांना कसा देऊ? त्याच मिशनच्या शाळांबाहेर ॲडमिशनसाठी रांगा आपणच लावल्या.

लालबागमध्ये एका वृद्ध बाईंशी बोलणं झालं. त्यांची नातवंडं रविवारी न चुकता चर्चला जातात, बायबलच्या वर्गात बक्षिसं मिळवतात. पण संध्याकाळची प्रार्थना त्या एकट्याच म्हणतात, कारण मुलांना ती मराठीतून येत नाही आणि त्यांना इंग्रजीतून येत नाही. तक्रारीचा सूर नव्हता. त्यांच्याकडे टिळकांच्या भजनांची हाताने उतरवलेली वही आहे, सासूबाईंची, पानं पिवळी पडलेली. परवानगी घेऊन मी सगळ्या पानांचे फोटो काढलेत.

गिरगाव, दादर, परळकडे किंवा आपल्या नगर जिल्ह्यात कोणाच्या घरी अशी वही असेल, किंवा वाडीतल्या क्रुसापुढच्या मराठी प्रार्थना पाठ असणारं कोणी म्हातारं माणूस असेल, तर मला कळवा. मी येऊन रेकॉर्ड करीन.