वस्तीत भरणारा वर्ग

डॉक्टर होऊ पाहणारा विद्यार्थी रुग्णालयात शिकतो. खाटेवरचा आजारी माणूस हेच त्याचे पुस्तक. पण ज्याला अख्ख्या गावाचे आरोग्य सांभाळायचे आहे, त्याने कुठे शिकावे? मी बी.ए. झालेला कवी, तरी या प्रश्नाचा इतिहास मला नेहमी ओढून घेतो.

जॉन ग्रँट हे चीनमध्येच जन्मलेले कॅनेडियन डॉक्टर. पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजात ते सार्वजनिक आरोग्य शिकवत. १९२५ साली त्यांनी शहरातला एक वॉर्ड निवडून तिथे आरोग्य केंद्र उघडले आणि विद्यार्थ्यांचा वर्ग गल्लीबोळांत भरू लागला. परिचारिकांबरोबर घरोघर जायचे, शाळेतली मुले तपासायची आणि मुख्य म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी पाहायच्या. नोंदवही म्हणजे रुक्ष प्रकार, असे आपण समजतो. पण कोणते मूल कशाने गेले, हे तिच्यातूनच कळते. कितीतरी तान्ही बाळे धनुर्वाताने दगावत होती. नाळ कापण्याचे हत्यार स्वच्छ नसे, एवढेच कारण! ग्रँट यांच्या सहकारी डॉ. यांग चोंगरुई यांनी १९२९ मध्ये सुईणींची शाळा काढली. जुन्या सुईणींनाही शिकवले गेले. आमच्या मोहल्ल्यात सुईणीला सगळे खाला म्हणत. अशा बाईला अडाणी म्हणून हाकलून न देता तिच्या हाती उकळलेली कात्री देणे, यात मला मोठे शहाणपण दिसते.

ग्रँट यांचे विद्यार्थी चेन झीचिएन आणखी पुढे गेले. १९३२ पासून डिंगशियान जिल्ह्यात त्यांनी गावकऱ्यांनाच लस टोचायला, जन्ममृत्यू लिहायला शिकवले. १९६० च्या दशकातल्या ‘अनवाणी डॉक्टरां’ची मुळे इथे सापडतात.

१९३९ मध्ये ग्रँट कलकत्त्याला आले, अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक म्हणून. सिंगूर म्हटले की आपल्याला २००६ नंतरचा मोटार कारखान्याचा वाद आठवतो. त्याच सिंगूरमध्ये १९३९ साली या संस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले आणि पदवीधर डॉक्टर खेड्यात शिकू लागले. पुढे १९४६ च्या भोर समितीने प्रत्येक डॉक्टरला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण सुचवले.

आजही इंटर्न डॉक्टरांना अशा केंद्रावर काही काळ काढावा लागतो. आमच्या तालुक्यात आलेल्यांपैकी काही जण वाडीवस्तीवर हिंडतात. काही पुढच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके उघडून बसतात.