कळवणची कांदाचाळ आणि शाळेतील विज्ञान

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने बहुजनांच्या शिक्षणहक्काच्या अंगाने होते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्यातील एका लहानशा मागणीकडे साहित्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. प्राथमिक शाळेत वाचन, लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी सुचवले होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी अविद्येच्या मीमांसेबरोबरच बंधारे, विहिरी, शेतीची प्रदर्शने यांचाही विचार केला. शाळा आणि शेतकऱ्याचे उत्पन्न हे त्यांच्या लेखी एकच प्रकरण होते.

या मागणीचे मोल कळवणसारख्या तालुक्यात नीट उमगते. गिरणेच्या खोऱ्यातील या आदिवासीबहुल तालुक्यात उन्हाळ कांदा हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. उन्हाळ्यात काढलेला कांदा चाळीत भरून शेतकरी भावाची वाट पाहत पावसाळा काढतो. पण चाळीतला कांदा जिवंत असतो. तो श्वसन करतो, त्यातले पाणी उडते, वजन घटते. दमट हवेत तो सडतो, पुढे कोंब फुटतात. म्हणूनच चाळीच्या तळाशी हवेला वाट ठेवतात. श्वसन, बाष्पीभवन आणि हवेचे अभिसरण हे शाळेतलेच धडे आहेत. ते पाठ केले जातात की मोजून पाहिले जातात, एवढाच प्रश्न आहे. समजा, क्विंटलला १,००० रुपये भाव असताना १०० क्विंटल कांदा साठवला आणि ३० क्विंटल घट आली, तर निव्वळ बरोबरी साधायलाही सुमारे १,४३० रुपये भाव लागतो. घट मोजता येणाऱ्यालाच थांबण्याची किंमत कळते.

याच जिल्ह्यात लासलगावला २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाने कांद्याचे कोंब रोखणारे केंद्र उभारले. पण २००७ पासून त्याचा लौकिक झाला तो अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यामुळे! याची व्यापारी कारणे अनेक असतील. परंतु विज्ञान इमारतीच्या रूपाने गावात आले म्हणजे ते गावाचे होतेच असे नाही, हे यातून दिसते. ते गावाचे व्हायचे तर त्याला शाळेतूनच यावे लागते.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला तो याच जाणिवेतून. विद्यार्थ्याने हाताने काम करावे, त्या कामातून विज्ञान शिकावे आणि त्या शिक्षणाचा गावाला उपयोग व्हावा, ही त्यांची पद्धत पुढे अनेक माध्यमिक शाळांनी स्वीकारली.

कळवणच्या शाळेत यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. एक वजनकाटा, एक तापमापक, दहा किलो कांदा आणि चार महिन्यांची नोंदवही पुरेशी आहे. प्रदेशाची अर्थव्यवस्था बाजार समितीत मोजली जाते हे खरे. पण ती मोजणारी नजर आठवी-नववीच्या वर्गात घडते. फुल्यांची मागणी जवळजवळ दीडशे वर्षांची झाली. ती जुनी झाली आहे, असे मात्र म्हणता येत नाही.